गुंतलेला माणूस

माझं लग्न नाना खासनीसांमुळे मोडता मोडता राहिलं. मुलीचे वडील उज्जैनहून चौकशीला आले होते. त्यांना कोणीतरी सांगितलं, मुलगा खासनीसांच्या हाताखाली काम करतो, तेव्हा त्यांनाच विचारा, तो माणूस खोटं बोलत नाही. ते शोधत शोधत रामबागेत नानांच्या घरी गेले, ओट्यावर चपला काढल्या, आत बसले आणि मुलगा कसा आहे म्हणून विचारलं. नाना थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मला वगळा. मी यात गुंतलेला माणूस आहे.”

आता मुलीच्या बापानं यावरून काय समजायचं? त्यांना वाटलं मुलाचं काहीतरी प्रकरण आहे आणि हे गृहस्थही त्यात सामील आहेत. ते पाणी न पिताच उठले. नशीब माझं, की काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, तेवढ्यात हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी माझ्या भावी सासऱ्यांना परत खाली बसवलं आणि समजावलं. मुलगा चांगला आहे, यांचा त्याच्यावर जीव आहे, आणि जीव आहे म्हणूनच हे तोंड उघडणार नाहीत, असं काकूंचं म्हणणं. लग्न झालं. माझे सासरे मात्र पुढं कित्येक वर्षं नानांशी जरा जपूनच बोलत.

नाना धंद्यानं व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेचे मूल्यांकनकार. घर, दुकान, गोदाम, रिकामा प्लॉट, जे असेल त्याची आजची किंमत ठरवायची आणि बँकेला, कोर्टाला किंवा वाटणीवर आलेल्या भावांना लिहून द्यायची, हे त्यांचं काम. इंदूर आणि आसपासच्या गावांत हे काम करणाऱ्या मंडळींची त्यांनी एक परिषद काढली होती. मालवा मूल्यांकनकार परिषद. नाना तिचे संस्थापक, नानाच अध्यक्ष आणि नियमावलीही नानांच्याच हातची. तिचं पहिलं कलम असं होतं की ज्याच्याशी आपलं नातं, मैत्री, उपकार किंवा वैर आहे, त्याच्या मालमत्तेचं मोल आपण करायचं नाही. अशी कलमं पुष्कळ धंद्यांत असतात. लोक ती कपाटात ठेवतात आणि लागतील तेव्हा काढतात. नाना ती घरीदारी, लग्नाकार्यात, जेवताखाता पाळत.

काकूंच्या स्वयंपाकाला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही आणि कधी चांगलंही म्हटलं नाही. काकूंनी पुरणपोळी वाढून कशी झाली विचारलं, की नाना शेजारच्या पाटावरच्या माणसाकडे बोट दाखवत. याला विचार, मी गुंतलेला आहे. सुरुवातीला म्हणे काकू यावरून रडल्याही होत्या. पुढं त्यांनी तोड काढली. रविवारी आम्ही परिषदेची माणसं जमलो की त्या आम्हांला वाढत आणि नानांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारत. आम्ही वा वा करायचो. नाना मान खाली घालून जेवत राहायचे, पण कान इकडेच असायचे, आणि एखाद्यानं वा वा करायला उशीर केला तर त्याच्याकडे रागानं बघायचे.

इंदुरात राहून असले नियम पाळणं किती कठीण ते इंदूरच्या माणसालाच कळेल. जी जागा बघायची तिथं चहा नाही, पाणी नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. नाना कामाला निघताना खांद्याला पाण्याची बाटली अडकवून जात. एकदा राजवाड्याच्या मागं एका हलवायाच्या दुकानाचं काम होतं. मी बरोबर होतो. हलवायानं गरम जलेबीची बशी पुढं केली तशी नानांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जलेबी माझी बुडालीच. वर नानांचा नियम असा, की काम झाल्यावरही वर्षभर त्या दुकानाची पायरी चढायची नाही. वर्षभर ते त्या दुकानावरून जाताना समोरच्या बाजूनं जात.

धंदा वाढत गेला तशी नानांना खायला जागा उरेना. या कचोरीवाल्याचं गोदाम आपण केलं, त्या पोहेवाल्याच्या भावाचा प्लॉट केला, तिकडच्या शिकंजीवाल्याचा कोर्टात दावा चालू आहे. सकाळी पोहे खायला निघालो तर दोन दोन चौक ओलांडावे लागत. काकूंनी शेवटी बजावून ठेवलं होतं, सराफ्यातल्या त्या सेववाल्याचं काम आलं तर घेऊ नका, मला आल्यागेल्याला ठेवायला काहीतरी राहू द्या. नानांनी ते काम खरंच घेतलं नाही. कारण विचारल्यावर बँकेच्या मॅनेजरला त्यांनी खरं ते सांगितलं, की घरच्यांना त्याची सेव लागते.

भिंतीवर बोटाचं पेर वाजवून बघायची त्यांना सवय होती. कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी दोनचार भिंतींवर ठकठक व्हायची. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते हॉलच्या खांबावर ठकठक करत उभे होते आणि माझे सासरे त्यांच्याकडे बघत होते. अक्षता पडल्यावर नाना मला भेटायला आले. आशीर्वाद दिला आणि हळूच म्हणाले, त्या खांबाखाली उभा राहू नको.

मी मूळचा मिलचा माणूस. मिलच्या बांधकाम खात्यात सुपरवायझर होतो. शेडचे पत्रे, क्वार्टरांची गळती, चिमणीची डागडुजी हे माझं काम. मिल बंद पडली तेव्हा ती बंद पडली असं कोणी म्हणत नव्हतं. चालू होणार, वरून आदेश येणार, अशीच बोली होती. फाटकासमोरच्या चहावाल्यानं मात्र ओळखलं आणि आपली गाडी दुसऱ्या चौकात हलवली. मी रोज सकाळी डबा घेऊन त्या नव्या चौकात जाऊन बसायचो, कारण घरी बसवत नव्हतं. नानांची माझी तिथली ओळख. एक दिवस ते शेजारी बसले आणि इंदुरी पद्धतीनं भिया, म्हणजे भाऊ, म्हणत विचारलं, “भिंत कुठून गळते ते तुला कळतं ना भिया? मग ये माझ्याकडे. बाकीचं मी शिकवतो.” मी गेलो तो कायमचा.

पुढं त्याच मिलची जमीन, इमारती आणि यंत्रं यांचं मोल ठरवायचं काम निघालं. एवढं मोठं काम तोपर्यंत इंदुरातल्या कोणाही व्हॅल्युअरकडे आलं नव्हतं. ते नानांकडे आलं. नानांचे वडील त्या मिलमध्ये विणाई खात्यात कारकून होते आणि नाना लहानाचे मोठे मिलच्या क्वार्टरमध्ये झाले होते. त्यांनी एका ओळीत नकार कळवला. मी पुष्कळ वाद घातला. निदान तुम्ही प्रामाणिकपणे कराल, म्हटलं.

“तू सांग, त्या चिमणीचं मी काय लिहू?” नाना म्हणाले. “पाडायचा खर्च वजा केला की ती शून्याच्याही खाली जाते. मला ते लिहवणार नाही. आणि न लिहिणं चूक. मग मी काय कामाचा?”

बाहेरगावची माणसं आली आणि चार दिवसांत काम उरकून गेली. धंद्यातले लोक नानांना हसले. मीही घरी येऊन बायकोजवळ चिडचिड केली. पण त्या दिवसापासून माझं नानांशी काही वेगळंच जुळलं, हेही खरं.

परिषदेची सभा दर रविवारी संध्याकाळी नानांच्या बैठकीच्या खोलीत भरायची. दारावर परिषदेचा बोर्ड, आत परिषदेचं कपाट, परिषदेच्या पत्र्याच्या खुर्च्या आणि परिषदेच्या नावावरचा फोन. परिषदेत मराठी होते, मारवाडी होते, सक्सेना, शर्मा, बोहरी, सगळे होते आणि सभा अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत चालायची. मी कार्यवाह. आमची एक रीत होती. कोणताही विषय निघाला की आधी मी विचारायचं, यात कोणी गुंतलेलं आहे का? जो असेल त्यानं उठून कारण सांगायचं आणि विषय संपेपर्यंत बाहेर ओट्यावर जाऊन उभं राहायचं. कुणाच्या साडूचं गोदाम असायचं, कुणाचं घरमालकाशी भांडण असायचं. कधी कधी निम्मी परिषद ओट्यावर गप्पा मारत उभी असे. गल्लीत नवीन राहायला आलेल्या माणसांना वाटायचं, या घरात दर रविवारी काहीतरी बरंवाईट होतं.

मग काकू गेल्या. नाना-काकूंना मूलबाळ नव्हतं. घरात नाना एकटे उरले. कामाला जात, रिपोर्ट लिहीत, वेळच्या वेळी जेवत, पण सगळा आठवडा त्यांचं लक्ष रविवारकडे असायचं. असं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. शनिवारी दुपारी ते एकटेच ओल्या फडक्यानं पत्र्याच्या खुर्च्या पुसत बसलेले मी पाहिले आहेत, एवढंच. रविवारी चहा ते स्वतः करायचे. अगदी वाईट व्हायचा. आम्ही तोही वा वा करून प्यायचो. सभा संपली तरी कोणी लवकर उठायचं नाही, कारण उठल्यावर मागं काय राहतं ते सगळ्यांना माहीत होतं.

याच सुमारास दिवस पालटले. कर्ज देणारी नवनवी ऑफिसं उघडली. ज्याला त्याला फ्लॅट हवा होता, तोही कर्जावर, आणि ऑफिसांना रिपोर्ट संध्याकाळच्या आत हवा होता. आमच्यात पहिला कॉम्प्युटर राजीव गजभियेनं घेतला. राजीव महूचा. आजोबा पलटणीत होते, वडील शाळामास्तर, हा सिव्हिल इंजिनिअर. हुशार, कष्टाळू आणि बोलायला सरळ. धंद्याचे पहिले धडे त्यानंही नानांकडेच गिरवले होते. त्याचं म्हणणं असं, की परिषदेला पलासियाला एखाद्या कॉम्प्लेक्समध्ये नीट ऑफिस पाहिजे, रिपोर्टचा एकच छापील नमुना पाहिजे आणि बँकेच्या साहेबांना बोलावून दर महिन्याला चर्चा पाहिजे. रामबागेच्या गल्लीत साहेब येत नाहीत, त्यांना गाडी लावायला जागा मिळत नाही. हे सगळं करायचं तर अध्यक्षही नवा हवा, आणि राजीवनं आपलं नाव देऊन तसं पत्रकही वाटलं. परिषदेत तोवर निवडणूक कधी झालीच नव्हती.

राजीवचं चूक होतं असं कोणालाच म्हणता येत नव्हतं. पण ऑफिस पलासियाला गेलं की नानांचा रविवार गेला, हेही सगळ्यांना दिसत होतं. एकेक जण मला बाजूला घेऊन सांगत होता, मी तर नानांनाच देणार. सक्सेनाजी म्हणाले, नाना के रहते दूसरे को कैसे दूँ. मी मनातल्या मनात मतं मोजली. राजीवला फार तर चार-पाच पडली असती. त्यामुळे मी निर्धास्त होतो. राजीव हरेल, थोडा रुसेल, आणि मग आपण सगळे मिळून नानांना तो छापील नमुना तरी मान्य करायला लावू, असा माझा हिशेब होता.

सभा भरली. सगळे आले होते. देवासचे दोन नवे सदस्यही होते, ज्यांची ही पहिलीच सभा होती. मी चिठ्ठ्या वाटायला घेतल्या तसे नाना उभे राहिले.

“कार्यवाह, विचारलं नाहीत,” ते म्हणाले.

मला काही उमगेना. राजीवला मात्र उमगलं. तो म्हणाला, “नाना, हा तर चुनाव आहे. कुणाच्या प्रॉपर्टीचं थोडंच चाललंय?”

“अध्यक्ष कोण लायक हे ठरवायचं म्हणजे माणसाचं मोल करणंच झालं. नियम तोच लागतो.” नाना माझ्याकडे वळले. “विचारा.”

काय करणार? मी विचारलं, यात कोणी गुंतलेलं आहे का? नाना लगेच म्हणाले, मी आहे, कारण स्वतःच्या बाबतीत माणूस सर्वांत जास्त गुंतलेला असतो, आणि ओट्यावर जाऊन उभे राहिले. मग राजीव उठला. तोही उमेदवार, तेव्हा त्याला जायचंच होतं. पण कारण सांगताना तो थांबला. म्हणाला, मी उमेदवार नसतो तरी मला बाहेर जावं लागलं असतं. माझा पहिला रिपोर्ट नानांनी तीनदा फाडला आणि चौथ्यांदा त्यावर सही केली. पहिल्यांदा या घरात आलो तेव्हा काकूंनी मला आत स्वयंपाकघरात नेऊन, चुलीजवळ बसवून जेवू घातलं. एवढं बोलून तो खाली बघत बाहेर गेला.

त्याचं ते बोलणं ऐकून खोलीत कोणाला बसवेना. सक्सेनाजी उठले. त्यांचे वडील वारले तेव्हा नाना रात्रभर त्यांच्या दारात बसून होते. बोहरी भाईंनी सांगितलं, माझं दुकान जळलं तेव्हा हा माणूस रोज सकाळी येऊन माझ्याशेजारी नुसता उभा राहायचा. शर्मा उठला, जोशी उठला. प्रत्येक जण काहीतरी सांगायचा आणि बाहेर जायचा. भागवत म्हणून एक सदस्य होते, त्यांचं नानांशी हाडवैर. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “माझं यांच्याशी वैर आहे, सबब मीही बाहेर.” वैराचं कारण सांगता सांगता ते मधेच थांबले आणि कारण अर्धंच टाकून बाहेर गेले.

शेवटी मी उरलो आणि ते देवासचे दोघे. मी त्या दोघांपुढं चिठ्ठ्यांचा डबा ठेवला आणि म्हटलं, माफ करा, मिल बंद पडल्यावर मी नुसता चौकात बसून होतो, तिथून मला या माणसानं उठवलं, मलाही जायला पाहिजे. ते दोघे माझ्याकडे बघतच राहिले.

आम्ही सगळे ओट्यावर. ओटा पुरेना म्हणून काही जण पायऱ्यांवर, काही गल्लीत. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकीतून विचारलं, काय झालं हो, सगळं ठीक आहे ना? नाना कठड्याला टेकून उभे होते. एकेक माणूस बाहेर येत होता तसा त्यांचा चेहरा बदलत गेला होता. आनंद होता की काय ते मला नीट सांगता येणार नाही. थोड्या वेळानं देवासच्या दोघांतला एक जण दारात आला आणि बिचकत म्हणाला, झालं. दोन्ही मतं राजीवला पडली होती. त्यांनी नानांना त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं होतं आणि राजीवचं पत्रक वाचलं होतं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

राजीव पांढरा पडला. मला हे नको, मी नाव मागं घेतो, म्हणू लागला. नानांनी त्याचा हात हातात घेतला आणि त्याला गप्प केलं. “रिपोर्ट दिल्यावर भाव आवडला नाही म्हणून बदलतात का? अशी स्वच्छ निवडणूक दुसऱ्या कुठल्या परिषदेत झाली नसेल.” मग ते आत चहा टाकायला गेले.

त्या आठवड्यात टेम्पो आला आणि बोर्ड, कपाट, पत्र्याच्या खुर्च्या पलासियाला गेल्या. सामान चढवताना नाना स्वतः उभे होते आणि कपाटाला दोरी नीट बांधा म्हणून हमालांच्या मागं लागले होते. फोनही परिषदेच्या नावावरचा, म्हणून तोही त्यांनी हलवायला दिला. राजीवनं राहू द्या म्हटलं, तर ऐकलं नाही.

रविवारी संध्याकाळी मी स्कूटर काढली. नव्या ऑफिसात अजून पंखे बसले नव्हते, त्यामुळे पहिली सभा पुढं गेली होती. मी रामबागेत गेलो. बैठकीत नानांच्या दोन जुन्या लाकडी खुर्च्या आणि स्वयंपाकघरातलं एक स्टूल, असं ओळीनं मांडून ठेवलं होतं. नाना एका खुर्चीवर बसले होते. मला बस म्हणाले.

“दळवी, एक विचारू?” मग ते म्हणाले. “त्या दिवशी सगळे उठले, ते खरं होतं?”

मला कळलं नाही. म्हणजे काय, असं मी विचारलं.

“बघ भिया. जो उठला त्याचं मत गेलं. मला पाडायचं असेल तर याहून सोपं काय? दोन चांगले शब्द बोलायचे आणि बाहेर व्हायचं. तोंडावर वाईटपणा नको, आणि काम पण फत्ते. सुरुवात कोणी केली? राजीवनं. तो उमेदवार, त्याला तर जायचंच होतं. त्याचं काय गेलं?”

हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी घाईघाईनं म्हणालो, नाना, असं कोणी करणार नाही.

“तू गुंतलेला, तू असंच म्हणणार.” त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “हरल्याचं काही नाही रे. अध्यक्षपद काय, आज ना उद्या जाणारच होतं. पण त्या दिवशी ओट्यावर उभा असताना मला वाटलं, ही सगळी माझी माणसं आहेत. तुझी काकू गेली तेव्हापासून असं कधी वाटलं नव्हतं. ते जर खोटं असेल, तर मग माझ्याकडे काही नाही.”

मला फार वाईट वाटलं. माझं तरी खरं होतं, मी म्हटलं, माझ्या मुलांची शपथ घेऊन सांगतो. नानांनी मान हलवली. माझं त्यांनी खरं धरलं होतं. पण एकावरून भाव निघत नाही, ते म्हणाले. एखाद्या जागेचा भाव काढायचा तर आसपास खरोखर झालेले तीन तरी व्यवहार बघावे लागतात, आणि तेही सगळे एका बाजूचे चालत नाहीत. तीन दाखले जुळले तरच तो भाव खरा.

मी उठलो. दोन दाखले मी आणतो, म्हटलं. मनात ठरवलं, एक भागवत, कारण ते वैरी, आणि दुसरा राजीव. कोपऱ्यावरच्या पीसीओत जाऊन आधी भागवतांना फोन लावला. नुसता वाजत राहिला, कोणी उचलला नाही. मग राजीवच्या घरी लावला. खरं सांगायचं तर तो आला आणि काही कमीजास्त बोलला तर काय करायचं, ही धास्ती होती. फोन त्याच्या बायकोनं घेतला.

“ते तर केव्हाचे निघाले,” ती म्हणाली. “नानांकडे. तुम्ही नाही गेलात का आज?”

मी परत येईपर्यंत राजीवची मोटारसायकल दाराशी लागलेली होती. आत तो स्टुलावर बसला होता आणि समोर नाना, जागेची पाहणी करताना मालकाला विचारतात तसे, एकेक प्रश्न विचारत होते. तुला दळवीनं फोन केला? नाही. परिषदेचं काही काम होतं? नाही. कुठं सही पाहिजे, कुठला जुना रिपोर्ट पाहिजे? काही नाही. राजीव गोंधळून माझ्याकडे बघायला लागला होता.

“मग आलास कशाला?” नानांनी विचारलं.

“कशाला मतलब?” राजीव म्हणाला. “संडे आहे ना, नाना. अपन संडेला आणखी कुठे जातो?”

मांडीवरचा चष्मा नानांनी उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. मी दारातूनच सांगितलं, की भागवत घरी नाहीत, पण मी परत जाऊन बघतो, नाहीतर सक्सेनाजींना लावतो, तिसरा कोणीतरी मिळेलच.

“राहू दे,” नाना म्हणाले. “तिसरा नको.”

ते उठले आणि चहा टाकतो म्हणून आत गेले. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत आणि आम्ही दोघंही त्यांना बोलवायला गेलो नाही.